कच्चा खर्डा पुसला तेव्हा

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या माणसाला सगळे कवळीवालाच म्हणत. नाव विचारायची कधी कुणाला गरज पडली नाही. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत, ते माप मागे येई. मग हा त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर मेण चढवी आणि मेणात एकेक दात बसवी. काम असं, की हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात ओळी येत. हात पुसून कागद शोधेपर्यंत ओळ पसार होई, म्हणून तो समोरच्या साच्याच्या बुडावरच पेन्सिलीनं लिहून टाकी.

असा एक साचा एकदा चुकून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेला. त्यांनी तो उलटा केला, वाचला आणि पडद्याआडून हाक मारली, "अहो, या पेशंटच्या तोंडात एकही दात नाही, तरी हा इतकं बोलतो?"

पेशंटसकट सगळे हसले. कवळीवालाही हसला, पण त्याचे कान तापले. घरी हा प्रकार कळल्यावर मेहुणा म्हणाला, "भावजी कवी व्हायला निघाले होते, मधे 'ळ' आडवा आला." पुढे कितीतरी दिवस हा विनोद जेवणाच्या टेबलावर वाढला जात होता.

त्याच सुमारास टिटवीची दाढ दुखायला लागली. टिटवी म्हणजे त्याच्या मामाची मुलगी, त्याच्याहून बरीच धाकटी. लहानपणी एकदा बोलायला लागली की थांबायची नाही म्हणून हे नाव पडलं आणि ते नोकरी लागल्यावरही टिकलं. एका प्रवासी कंपनीच्या ऑफिसात त्यांची वेबसाइट सांभाळायचं काम ती करायची. दाढेत भरून झाल्यावर, अर्धा गाल बधिर असताना, ती मागच्या खोलीत दादाला भेटायला आली. फळीवरचे साचे उलटेपालटे करताना तिला ओळी दिसल्या. एक वाचली, दुसरी वाचली, मग स्टूल ओढून बसलीच.

"दादा, मी फण लिहिते," ती म्हणाली. बधिर ओठांतून 'प' निघत नव्हता. "कुणाला सांगू नकोस."

"तू? आणि सांगितलं नाहीस आजवर? तुझ्या पोटात काही राहतं हे मला नवीनच आहे."

"चेष्टा नको. ऑफिसात कळलं तर जगू देणार नाहीत." मग ती बराच वेळ गप्प बसली. तिच्या हिशेबानं हे अजबच होतं. "आफल्यासारखे अजून असतील ना रे? चोरून लिहिणारे?"

तिथून सुरुवात झाली. टिटवीनं साइट बांधली, कवळीवाल्यानं नियम लिहिले. नाव ठेवलं 'कच्चा खर्डा'. खऱ्या नावानं यायची सक्ती नाही, स्पर्धा नाही, क्रमांक नाहीत. आणि कुणाच्याही कवितेखाली नुसतं 'वा वा' लिहायचं नाही. कविता वाचून काय झालं ते दोन शब्दांत सांगायचं, नाही तर गप्प राहायचं. साइटची नोंद कवळीवाल्याच्या नावावर झाली, कारण टिटवी म्हणाली, "तू मोठा आहेस, तुझ्या नावावर शोभेल." साइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दोघांकडे; नोंदीचं खातं मात्र त्याच्या एकट्याकडे.

सुरुवातीला तिथं दोघंच होते. हा लिही आणि ती वाची, ती लिही आणि हा वाची. फोनवर बोललो असतो तर स्वस्तात पडलं असतं, असं टिटवी म्हणायची. मग एका सकाळी एक परकी कविता आली, एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांचे आवाज त्याला घरी गेल्यावरही ऐकू येतात, असं काहीसं होतं. कवळीवाल्यानं ती मेणाच्या हातानंच वाचली आणि टिटवीला फोन लावला. दोघंही एकाच वेळी बोलायला लागले.

हळूहळू माणसं येत गेली. एक शाळेतली शिपाईण, एक गणिताचे निवृत्त मास्तर, नर्सिंग शिकणाऱ्या दोन मैत्रिणी. आणि एक 'सुई'. हे तिचं टोपणनाव. ती कपड्यांची दुरुस्ती करायची, काठ वरखाली करणं, चेन बसवणं, अंगावरचं सैल करून देणं. तिच्या कविता छोट्या असत आणि त्यांत एकही शब्द उगाच आलेला नसे. कवळीवाला तिच्या कविता लगेच वाचत नसे. हातातला दात मेणात नीट बसला की मग वाचायचा, बक्षीस म्हणून.

सुईनं एकदा त्याला स्वतंत्र निरोप पाठवला होता. "मी कागदावर लिहीत नाही. घरात कागद सगळ्यांच्या हाताला लागतो, मग प्रश्न येतात. मी फोनवरून थेट इथंच लिहिते. इथं ठेवलेलं राहतं ना?"

त्यानं उत्तर दिलं होतं, "राहतं. मी आहे तोवर राहील. निर्धास्त लिहा."

टिटवी प्रतीबद्दल त्याला बोलली नव्हती असं नाही. "दादा, मधूनमधून सगळ्याची प्रत काढून ठेवायला हवी. नोंद तुझ्या नावावर आहे, तुझ्या खात्यातून निघते. मी दाखवते कशी." तो हो हो म्हणाला होता. एका कवळीचं घासकाम चालू होतं, चाकाचा आवाज होता. पुन्हा तिनं विचारलं नाही आणि त्यानंही विषय काढला नाही.

माणसं वाढली तशी ओढाताण सुरू झाली. नव्यांना 'वा वा'ची बंदी जाचायला लागली. टिटवीचं म्हणणं, लोकांना थोडं कौतुक लागतंच, कवितेखाली हृदयाचं चिन्ह द्यावं, महिन्याची एक कविता निवडावी, त्यानं जान येईल. कवळीवाल्याचं म्हणणं, मग इतर ठिकाणांत आणि आपल्यात फरक काय राहिला? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच कुणी मागे हटेना. मग कवळीवाला न्यूमोनियानं आजारी पडला, बरेच दिवस अंथरुणाला खिळला. उठून साइट उघडतो तर प्रत्येक कवितेखाली लाल हृदयं. सगळ्यांना विचारून केलं, टिटवी म्हणाली. "तुला त्रास द्यायला नको म्हणून तुला नाही विचारलं."

"सगळ्यांना विचारलंस आणि मला सोडून?"

"दादा, तू तापात होतास!"

हे खरं होतं. खरं असूनही त्याला ते लागलं.

सगळ्यांनी एकदा समोरासमोर भेटावं असं ठरलं. एका वाचनालयाची वरची खोली मिळाली. घडीच्या खुर्च्या, खिडकीशी चहाचा थर्मास. येणाऱ्यांनी दारात आपले फोन नंबर टिटवीला दिले. सुई आली नाही, दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून तिनं टिटवीला फोनवर कळवलं होतं. नव्या लोकांत एक निवृत्त निवेदक होते. सारी हयात त्यांनी माइकसमोर काढलेली. आवाज असा, की त्यांनी बसची वेळ सांगितली तरी ऐकत राहावंसं वाटे. त्यांच्या स्वतःच्या कविता बेताच्या होत्या. पण बैठक त्यांच्या हातात होती.

कवळीवाला उठून नियमांबद्दल बोलायला लागला. तयारी करून आला होता, पण बोलताना मुद्दे एकमेकांत अडकले. आजाराचा थकवा होता. आपण तक्रार करतोय असा आपलाच आवाज त्याला ऐकू यायला लागला. तो अडखळला, तेव्हा निवेदक हसून म्हणाले, "असू द्या, असू द्या. आपल्या संस्थापकांचा धंदाच हा आहे. लोक दात काढतात, हे बसवून देतात."

खोली हसली. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही; तसं वाक्यही वाईट नव्हतं. पण त्यानं टिटवीकडे पाहिलं आणि टिटवीही हसत होती. तोंडावर हात ठेवून, पण हसत होती. तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात काम थोडं होतं. डॉक्टरीणबाई उशिरा येणार होत्या. त्यानं मागच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू केला, साइटच्या खात्यात गेला आणि शोधून शोधून ते बटण काढलं. पडद्यानं विचारलं, हे सगळं कायमचं काढून टाकायचं का, परत आणता येणार नाही. त्यानं हो म्हटलं. पडद्यानं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा हो म्हटलं.

त्या वेळी डोक्यात काय होतं, हे त्यानं पुढे अनेकदा स्वतःला विचारलं. टिटवीकडे प्रत असेलच, ती असल्या कामात पक्की आहे. चार दिवस सगळ्यांना चुटपुट लागू दे, मग ती प्रत घेऊन पुन्हा उभं करता येईल, आणि या खेपेला मला विचारून. असं काहीतरी होतं खरं. पण ते बटण दाबायच्या आधी होतं की नंतर सुचलं, हे त्याला कधीच नक्की सांगता आलं नाही.

दुपारी टिटवीचा फोन आला. "दादा, साइट पडलीय का? उघडत नाहीये."

"पडली नाही. मी काढून टाकली."

"काढून म्हणजे?"

"काढून म्हणजे काढून. तुमची हृदयं घेऊन बसा आता दुसरीकडे."

मग फार हळू आवाजात तिनं विचारलं, "प्रत काढलीस ना आधी?"

"माझ्याकडे कुठली प्रत? तुझ्याकडे असेल."

"माझ्याकडे नाहीये, दादा. ती तुझ्या खात्यातून निघते. मी तुला सांगितलं होतं."

त्याच्या समोर एक अर्धी कवळी होती, खालच्या जबड्याची. तिच्याकडे तो नुसता बघत राहिला. टिटवीनं फोन ठेवला. साइटला इंटरनेटवर जागा पुरवणाऱ्या कंपनीला दोघांनी वेगवेगळं विचारलं, दोघांना एकच उत्तर आलं. दिलगीर आहोत, ग्राहकानं स्वतः पुसलेलं आम्ही जपून ठेवत नाही. लोकांनी लिहिलेलं, त्याखाली इतरांनी मन लावून लिहिलेलं, सगळं गेलं होतं. तो वाट बघत होता की टिटवी येईल, भांडेल, चारचौघांत वाभाडे काढेल. ती आली नाही. ती गप्प राहिली, आणि टिटवी गप्प राहते म्हणजे काय, ते घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मामीनं एकदा त्याच्या बायकोला विचारलंही, "यांचं काय बिनसलंय गं?" बायकोला तरी कुठं माहीत होतं? त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

पुष्कळांकडे आपापल्या कविता होत्या, निदान वहीत, निदान फोनमध्ये. गणिताच्या मास्तरांनी तर टिटवीला कळवलं की बरं झालं, नव्यानं लिहीन. कवळीवाल्याला थोडं हायसं वाटायला लागलं. माणसं सावरतात, असं तो स्वतःला सांगायला लागला. आणि मग सुईची मुलगी दवाखान्यात आली.

तिशीची बाई, खांद्याला ऑफिसची बॅग. आईच्या फोनमधला टिटवीचा नंबर शोधून तिच्याकडून पत्ता घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला मागे पाठवलं. ती दारातच उभी राहून बोलायला लागली, बहुधा घरून ठरवून आलेलं.

"काका, माझी आई तुमच्या त्या कवितांच्या जागेवर लिहायची. सुई नावानं. मला आत्ता कळलं. तिला झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्या म्हणाल्या की तिच्या ओळखीचं, तिच्या जवळचं काही असेल तर रोज वाचून दाखवा, त्यानं शब्दांना वाट मिळते. आई सारखी फोनकडे बोट दाखवते. ते पान तिनं खूण करून ठेवलंय. उघडलं की कोरं येतं." तिनं श्वास घेतला. "तुम्ही बंद केलंय असं ऐकलं. तुमचा निर्णय असेल काहीतरी. पण थोडे दिवस उघडाल का? फक्त आईचं उतरवून घेते मी, मग परत बंद करा."

दुकान बंद असलं की मालकाला सांगून अर्धं शटर वर करून घेतात, तसं ती मागत होती.

"बसा," तो म्हणाला. ती बसली नाही. "ते... ते बंद नाहीये. पुसलं गेलंय."

"म्हणजे?"

"पुसलं गेलंय नाही. मी पुसलं. परत येत नाही ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही, समजून घ्यायचा प्रयत्न करत. "का?"

त्याला खरंच उत्तर द्यायचं होतं. लोक हसले म्हणून, हे शब्द जिभेवर आले आणि तिथंच राहिले. "माझं डोकं फिरलं होतं," तो म्हणाला.

"तुमच्याकडे एखादी तरी असेल? तिची? लक्षात असेल?"

तिच्या कविता त्यानं किती वेळा वाचल्या होत्या. त्याला काय काय आठवलं. कुठल्या कवळीच्या वेळी कुठली वाचली ते, वाचून झाल्यावर आपण किती वेळ बसून राहिलो ते. ओळी मात्र तुकड्यातुकड्यांत आल्या, अर्ध्यावर तुटत. जे कधीही उघडून वाचता येतं, ते कोण पाठ करतो?

"मी गोळा करतो," तो म्हणाला. "मला थोडा वेळ द्या."

त्या दिवशी तो टिटवीच्या ऑफिसात गेला. बाहेरच्या बाकावर बसून राहिला. ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, त्याला बघून थबकली. सुईची मुलगी येऊन गेली, तिच्या आईच्या कविता गोळा करायच्या आहेत, असं त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आत गेली आणि वाचनालयात जमवलेले फोन नंबर छापून त्याच्या हातात दिले. "मी पण विचारते काही जणांना," एवढंच म्हणाली. डबा तिनं आतच खाल्ला.

तो एकेकाला फोन करत गेला. प्रत्येकाला आधी सांगावं लागे की मी तोच, ज्यानं पुसलं. कुणी फोन ठेवून दिला. लिफ्टवाल्यानं शिव्या घातल्या आणि मग त्याच दमात सुईची एक ओळ म्हणून दाखवली, चेन अडकलेल्या जर्किनवरची. शिपाईण बाईंना दोन ओळी आठवत होत्या, पण मधलं काही नाही. नर्सिंगच्या मुलींना कविता कशावर होत्या ते सगळं आठवत होतं आणि शब्द एकही नाही. सगळ्यांना एक मात्र आठवत होतं, की ती चांगली लिहायची.

यादीत निवेदकांचा नंबर त्यानं शेवटी ठेवला होता. फोनवर बोलायचं धाडस होईना म्हणून घरीच गेला. निवेदक एकटेच राहत. त्यांनी दार उघडलं, चष्मा वर सारला आणि म्हणाले, "या, कवळीवाले. मला वाटलंच होतं तुम्ही याल. पण भांडायला याल असं वाटलं होतं."

त्यानं कशासाठी आलो ते सांगितलं. निवेदकांनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली.

*पोरीचा झगा तोकडा झाला,*
*काठ उसवला.*
*आत दुमडलेलं कापड निघालं*
*दुकानातल्या रंगाचं.*
*तसं माझ्यातही असेल काही*
*दुमडून ठेवलेलं, न विटलेलं.*
*उसवून बघेन म्हणते,*
*पण सवड कुठं आहे?*

कवळीवाला पुढे सरकून ऐकत होता. पूर्ण कविता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. "तुम्हाला पाठ आहे?"

"रोज सकाळी आवाज मोकळा करायला काहीतरी मोठ्यानं म्हणायची सवय आहे मला, नोकरीपासूनची. आधी बातम्या म्हणायचो. अलीकडे ही म्हणतो." निवेदक थोडे ओशाळले. "मला आवाज मिळाला, कवळीवाले. सांगायला स्वतःचं काही मिळालं नाही. तुमच्या त्या जागेवर मी लिहायला नव्हतो आलो खरं तर. आणि त्या दिवशीचं माझं बोलणं... चारचौघांत टाळी घ्यायची खोड जात नाही."

कवळीवाला मान खाली घालून बसला. ज्याच्यावरच्या रागानं सगळं पुसलं, तोच एकटा काहीतरी जपून होता.

रविवारी दोघं सुईच्या घरी गेले. पुढच्या खोलीतच तिचं दुकान. शिवणयंत्र झाकून ठेवलेलं, दांडीवर दुरुस्तीला आलेले कपडे अजून तसेच लटकत होते, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. खिडकीशी आरामखुर्चीत सुई बसली होती. त्यानं तिला पहिल्यांदाच पाहिलं. बारीक, पिकल्या केसांची, चेहऱ्याची एक बाजू जरा उतरलेली. डोळे मात्र तरतरीत.

मुलीनं आईच्या कानाशी सांगितलं, "आई, हे कविता घेऊन आलेत. तुझी."

निवेदक समोर बसले आणि त्यांनी म्हटली. आवाज चढवला नाही, काही नाही. पोरीचा झगा म्हटल्याबरोबर मुलगी उठून उभी राहिली. "तो माझा होता," ती म्हणाली. "निळा." सुईचे डोळे भरून आले होते. तिचा डावा हात गुडघ्यावर ओळींबरोबर हलत होता. आणि शेवटच्या ओळीत, 'सवड'पाशी, तो हात वर झाला. थांबा.

निवेदक थांबले. पुन्हा म्हटली. पुन्हा तिथंच हात वर.

"हा शब्द नाही का?" कवळीवाल्यानं विचारलं. तिनं मान हलवली. नाही.

"वेळ?" नाही. "हिंमत?" नाही. मुलीनं विचारलं, "कात्री? जागा? आई, अक्षर सांगतेस का?" तिनं पाटीवर खडूनं अक्षरं काढून समोर धरली. सुईनं प्रयत्न केला. ओठ हलले, एक आवाज निघाला, शब्द नव्हता. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बोट अक्षरांवरून फिरलं आणि चुकीच्या ठिकाणी गेलं, तिला कळलं की चुकीच्या ठिकाणी गेलंय. ते सगळे एकामागून एक शब्द देत राहिले, जणू तिला खाऊ घालत होते. तिचा श्वास वाढला. शेवटी तिनं डावा हात पुढे केला आणि कवळीवाल्याच्या हातावर दोनदा थोपटलं. राहू द्या.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला वाटलं, मीच तो, हे हिला कुणी सांगितलेलं नाही. निघताना त्यानं मुलीला विचारलं. "सांगितलंय," ती म्हणाली. "आधीच सांगितलं होतं."

दारात त्याला काहीतरी करावंसं वाटलं, काहीही. "झटक्यानंतर जबडा बदलतो कधीकधी. दातांचं काही लागलं तर मला सांगा. मी स्वतः करून देईन."

"तिचे सगळे दात शाबूत आहेत, काका," मुलगी म्हणाली.

निवेदक पुढे अधूनमधून तिथं जात राहिले, सुईला वर्तमानपत्र वाचून दाखवायला. तिला ते आवडायचं म्हणे. कवळीवाला एकदा गेला, पण त्याच्यापाशी वाचायला काही नव्हतं आणि मुलगी कामात होती. पुन्हा गेला नाही.

टिटवीनं नव्या लोकांबरोबर नवी जागा सुरू केली. मामाच्या घरी सगळे जेवायला जमले तेव्हा तिनं ते स्वतःहून सांगितलं, जिन्यात, बाकीचे वर असताना. "या वेळी किल्ली पाच जणांकडे आहे. आणि प्रत आपोआप निघते."

"चांगलं केलंस."

"मी तुला पुन्हा विचारायला हवं होतं प्रतीचं. एकदाच विचारून सोडून दिलं मी."

"असं नको बोलूस," तो म्हणाला. "माझ्या चुकीतला वाटा घेऊ नकोस तू. आणि तू हसलीस त्याचंही काही नाही. हसण्यासारखंच होतं ते."

तिला कुठलं हसणं ते आठवेना. तिनं कपाळाला आठ्या घालून विचार केला. "कधी हसले मी?"

तेवढ्यात मामीनं वरून हाक मारली आणि ती गेली. तो कठड्याला धरून उभा राहिला. तिला आठवतसुद्धा नव्हतं.

घरी त्यानं बायकोला अखेर सगळं सांगितलं, एका रविवारी सकाळी, ती खिडकीशी बसून संत्रं सोलत असताना. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. "मग ती कविता म्हणा की," ती म्हणाली. त्यानं म्हटली, आणि शेवटच्या ओळीत, जिथं शब्द नव्हता तिथं थांबला.

"उजेड असेल," बायको म्हणाली.

"काय?"

"उजेड कुठं आहे. उसवायला उजेड लागतो ना. कापडाच्याच रंगाचा दोरा असतो, दिवसासुद्धा दिसत नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग उठून फोन शोधला आणि सुईच्या मुलीला लावला. पलीकडे कुणीतरी भांडी आवरत होतं. त्यानं घाईघाईनं शब्द सांगितला, अर्थही सांगितला.

मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, काका. आईला विचारते," ती म्हणाली.

तिचा फोन आला नाही. शब्द चुकला होता, की विचारायचंच राहिलं, की आता त्या घरात कुणाला तो विषय काढायचा नव्हता, हे त्याला कळलं नाही. पुन्हा फोन करावा असं त्याला बऱ्याचदा वाटलं. काम करता करता तो हात पुसून फोनपाशी जायचा, नंबर काढायचा, आणि पुढच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंची हाक आली की फोन तसाच ठेवून परत यायचा.